बर्गी म्हणजे आपलीच माणसं

बंगालमध्ये पोरांना झोपवताना म्हणायचं एक जुनं गाणं आहे. पोर झोपलं, आळी शांत झाली, बर्गी मुलखात आले. धान तर बुलबुलांनी खाऊन टाकलं, आता सारा कशातून भरायचा? यातले बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४० च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या करणाऱ्या नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेतले मराठी घोडेस्वार.

एका बंगाली मैत्रिणीनं हे गाणं मला म्हणून दाखवलं आणि विचारलं, तुमच्याकडे याबद्दल काय शिकवतात? काय सांगणार? आपल्याकडे या मोहिमांचा विषय निघालाच तर निघतो तो रघूजींचे सरदार भास्करपंत कोल्हटकरांचा. बंगालचा नवाब अलिवर्दीखानानं १७४४ साली त्यांना बोलणी करायला मानकरा या गावी बोलावलं आणि भेटीच्या तंबूत सरदारांसकट कापून काढलं. हा दगाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्याआधीच्या दोन वर्षांत पंतांच्या फौजेनं बंगालच्या गावागावांत काय केलं, ते आपल्याला ठाऊकच नसतं.

ते गंगाराम नावाच्या कवीनं लिहून ठेवलंय. त्याच्या 'महाराष्ट्र पुराणा'चं हस्तलिखित १७५१ च्या सुमाराचं आहे, म्हणजे आठवणी अजून ताज्या होत्या तेव्हाचं. पोथ्यांची ओझी घेऊन पंडित पळतायत, तागडी-वजनं घेऊन सोनार, जाळी घेऊन कोळी. कधी उंबऱ्याबाहेर न चाललेल्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन निघाल्यात, दिवस भरलेल्या बायकांना वाटेतच कळा सुरू होतात. वाटेत कुणी विचारतं, बर्गी पाहिलेत का? तर कुणीच पाहिलेले नाहीत, सगळे पळतायत म्हणून आम्हीही पळतोय. आणि मग माळावर बर्गी येऊन गराडा घालतात. सोनं-चांदी तेवढं घेतात, बाकीचं टाकून देतात. कुणाचे हात तोडतात, कुणाचे नाक-कान. बायकांवर बलात्कार करतात. रुपये दे म्हणतात, आणि नाही मिळाले की माणसाच्या नाकात पाणी भरतात.

गाव जाळायचा हुकूम वरून येत असेल. चौथाई वसूल करायचं धोरण तर रघूजींचंच होतं. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा पगारी स्वार, शिलेदारासारखा स्वतःचा घोडाही त्याच्याकडे नसायचा. लुटीतला मोठा वाटा त्याच्या हाती लागत नव्हता, हे मला कळतं. पण नाकात पाणी ओतणारा हात त्याचाच होता. तो हात रघूजींचा नव्हता, भास्करपंतांचाही नव्हता. बाईला ओढून नेताना त्याला कुणाच्या हुकमाची गरज नव्हती. इतिहास सरदारांच्या नावानं लिहिला की ही हजारो माणसं त्यातून अलगद सुटतात.

आता "तो काळच तसा होता" हे उत्तर. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण आपल्याच घरात आहे. बंगालच्या स्वारीच्या सुमारे सत्तर वर्षं आधी शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना पत्र लिहिलं. कुणब्याकडून दाणा, भाकरी, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला उचलू लागलात तर लोक घरं सोडून जातील, काही उपाशी मरतील, आणि त्यांना वाटेल तुमच्यापेक्षा मोगल बरे. म्हणजे रयतेशी कसं वागायचं हे मराठी फौजेला माहीत होतं, आणि ते सांगितलं होतं सरदारांच्याही खालच्या माणसांना. हे पत्र आपण अभिमानानं शेअर करतो. मग त्याच मापानं बंगालमधल्या कटव्याच्या छावणीतला बारगीर मोजायला काय हरकत आहे?

दुसरं उत्तर असतं, कवी बंगाली, तो पक्षपातीच असणार. पण गंगारामच्या काव्यात लोकांची पापं वाढली म्हणून शंकरच शाहू राजांच्या मनात स्वारीची प्रेरणा घालतो. म्हणजे मराठे आधी देवाच्या बाजूचे आहेत. पुढे ते ब्राह्मण-वैष्णवांना छळतात, तेव्हा देवीच त्यांच्यावर उलटते आणि नवाबाच्या बाजूनं जाते. आणि तो एकटा नाही. बाणेश्वर विद्यालंकार या संस्कृत पंडितानंही त्याच काळात लिहिलंय, की या स्वारांनी गरोदर बायका आणि तान्ही मुलं सोडली नाहीत. फौजेत नवाबाची बाजू सोडून मराठ्यांना मिळालेल्या मीर हबीबची माणसं होती, सगळेच काही मराठी नव्हते, हेही खरं. पण तेवढ्यानं आपल्या वाट्याचं काही कमी होत नाही.

अटकेचं नाव निघालं की आपण "आम्ही अटकेपार झेंडे लावले" म्हणतो. तिथे आपले पणजोबा-खापरपणजोबा गेले होते की नाही, हे कुणी तपासत नाही. बंगालचं निघालं की मात्र ते "त्या काळचे सरदार" होतात. कलकत्त्यात इंग्रजांनी मराठ्यांच्या भीतीनं खणायला घेतलेला मराठा खंदकसुद्धा आपण कौतुकानं सांगतो, बघा किती दरारा होता! त्या दराऱ्यात कोण मेलं हे विचारत नाही. १७५१ च्या तहानं रघूजींना वर्षाला बारा लाखांची चौथाई आणि ओडिशा मिळालं, हेही आपण मिळकतीच्या खात्यात लिहिलंय.

माझं म्हणणं एवढंच, की बंगालच्या मोहिमा जिथे शिकवल्या जातात तिथे मानकरा इथल्या दग्याशेजारी गंगारामचं ते पळणाऱ्या लोकांचं वर्णनही हवं. शाळेतल्या मुलांना वाचता येईल अशा सोप्या मराठीत. वाचणाऱ्यांत कुणी बंगाली उत्तम येणारे असतील तर कळवा. तेवढा भाग काही फार मोठा नाही, मिळून भाषांतर करता येईल.