पद घराण्याचं की सम्राटाचं? फोकास घराण्याबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

बायझन्टाइन पदांवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. तुम्ही दिलेल्या यादीप्रमाणे फोकास या लष्करी घराण्यात आजोबा, मुलगे, नातू असे सगळेच डोमेस्टिक (सरसेनापती) झाले, तर बायझन्टाइन (पूर्व रोमन) साम्राज्यात पदं वारशाने मिळत नसत असं मी कसं लिहिलं? आणि ‘नागरी घराणी’ व ‘लष्करी घराणी’ ही माझी विभागणी ढोबळ आहे.

दुसरा आक्षेप सरळ मान्य. अर्गिरोस हे सीमेवरच्या सेनानींचं घराणं, पण त्यातला रोमानोस राजधानीचा एपार्क, म्हणजे नगरप्रमुख होता आणि 1028 मध्ये सम्राट झाला. 960 मध्ये अलेप्पोचा अमीर सैफ-अद-दौला याला डोंगरखिंडीत गाठणारा लिओ फोकासही भाऊ निकेफोरोस गादीवर आल्यावर लोगोथेट झाला. डाक आणि परराष्ट्र व्यवहार त्याच्याकडे आले. मूळ लेखातला तो परिच्छेद बदलतो.

पहिला मात्र मान्य नाही. तुम्ही दिलेल्या यादीतल्या मधल्या मोकळ्या जागा बघा. थोरला लिओ फोकास डोमेस्टिक असताना 917 मध्ये अखेलोसच्या लढाईत बल्गेरियनांकडून हरला; 919 मध्ये रोमानोस लेकापेनोसने सत्ता बळकावली आणि लिओचे डोळे काढले. पुढे 922 ते 944 अशी बावीस वर्षं डोमेस्टिक होता योआनेस कुर्कुआस. लेकापेनोस मंडळी बाजूला झाल्यावर सातव्या कॉन्स्टन्टाइनला त्यांच्या विरोधातलं घराणं जवळ हवं होतं, म्हणून 945 मध्ये बार्दास फोकास आला. 955 मध्ये बापाच्या जागी मुलगा निकेफोरोस आला हे खरं, पण बाप लढाया हरत होता आणि आज्ञा सम्राटाची होती.

गोंधळ होतो तो दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. फिलोथेओसच्या 899 च्या मानक्रमाच्या ग्रंथात त्या वेगळ्या आहेत. मानाचा किताब चिन्ह हातात देऊन मिळे आणि सहसा आयुष्यभर टिके. पद मिळे ते सम्राटाच्या शब्दाने, आणि शब्दानेच जाई. पैसाही वरूनच येई. अनातोलिकोन प्रांताच्या स्ट्रॅटेगोसला (सेनापती-सुभेदाराला) वर्षाला 40 लिट्रा (रोमन पौंड) सोनं, एका लिट्राची 72 नाणी, म्हणजे 2,880 नोमिस्मा (सोन्याची नाणी). किताबधारकांचा ‘रोगा’ (वार्षिक वेतन) सम्राट ईस्टरच्या आधी स्वतःच्या हाताने वाटे. इटलीहून आलेल्या लिउतप्रांदने 950 मध्ये तो सोहळा पाहिला : डोमेस्टिकला मिळालेलं सोनं खांद्यावर पेलेना, माणसं लावून ओढत न्यावं लागलं. किताब विकतही मिळत. क्तेनास नावाच्या म्हाताऱ्या धर्मसेवकाने प्रोटोस्पॅथारिओस हा किताब मिळवण्यासाठी 60 लिट्रा मोजले, वर्षाला एक लिट्रा रोगा घेतला आणि दोन वर्षांत मेला. सौदा खजिन्याला परवडला!

वारशाने चालत आली ती जमीन, नाव आणि आश्रित माणसं. दुसऱ्या बासिलने 996 च्या फर्मानात फोकास आणि मालेइनोस घराण्यांची नावं घेऊनच गरिबांच्या बळकावलेल्या जमिनींवरचं चाळीस वर्षांच्या मुदतीचं संरक्षण (तेवढी वर्षं ताबा राहिला की जमीन परत मागता येत नसे) काढून टाकलं. युस्ताथिओस मालेइनोसने कॅपाडोकियात सम्राटासकट अख्ख्या फौजेचा पाहुणचार केला होता. एवढी ऐपत बघून बासिलने त्याला राजधानीत नेऊन ठेवलं आणि तो मेल्यावर मालमत्ता जप्त केली.

तुमच्या यादीत आणखी एक खाच आहे : आडनाव सारखं दिसलं की वंशवेल जोडायची. पत्रांना लावलेल्या, मालकाचं नाव असलेल्या शिशाच्या मोहरा वाचताना ही चूक नेहमी होते, कारण आडनाव आईकडचंही घेत. अ‍ॅना दालासेनीचा बाप अलेक्सिओस खारोन. ‘दालासेनी’ आईकडून आलं. अ‍ॅना कोम्नेनी आणि निकेफोरोस ब्रिएनिओस यांच्या मुलांत एक अलेक्सिओस कोम्नेनोस, दुसरा योआनेस दुकास. ब्रिएनिओस दोघांतला एकही नाही!

1081 नंतरच्या काळाला मात्र तुमचं म्हणणं बरंच लागू पडतं. त्या वर्षी सम्राट झालेल्या अलेक्सिओस कोम्नेनोसने (अ‍ॅना कोम्नेनीच्या बापाने) भाऊ इसाकसाठी ‘सेबास्टोक्रेटर’ हा नवाच किताब घडवला, नातेवाइकांना ‘सेबास्टोस’ केलं, आणि सम्राटाशी नातं किती जवळचं यावर दरबारातला क्रम ठरू लागला. फोकासांच्या काळात तो तसा ठरत नव्हता.