घरबसल्या प्राचीन विज्ञान

प्राचीन भारतीय विज्ञानाचे अभ्यासक व्हायचं तुम्ही मनावर घेतलंय, हे ऐकून बरं वाटलं. खर्च फारसा नाही. एक खुर्ची, एक मोबाइल आणि 'आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं' हे वाक्य, एवढ्यावर भागतं. मात्र आधी कोणाच्या वाटेला जाऊ नये ते ऐकून घ्या, कारण आपल्याच मुलखात काही वाईट उदाहरणं होऊन गेली आहेत.

पहिलं उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं. जन्म १९०७, गोव्याचे. हार्वर्डला शिकलेले गणिती, काही वर्षं फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. एवढं गणित येणाऱ्या माणसानं चार शिकवण्या कराव्यात, बंगला बांधावा. हे गृहस्थ प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी तराजूत घालून बसले. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं हलकं. म्हणजे वजनांवरून एका साठ्यातल्या नाण्यांचा मागचापुढचा क्रम लावता येईल, असा त्यांचा हिशेब. बरं, हे तरी खरं कशावरून? म्हणून मग बाजारातली चालू चिल्लरही तोलून पाहिली! तुम्ही असलं काही करायचं नाही. नाणं हातात आलं की 'किमान दहा हजार वर्षांपूर्वीचं' म्हणून मोकळं व्हायचं. दहा हजार हा आकडा तोंडात छान बसतो आणि त्याला तराजू लागत नाही.

त्यांची दुसरी खोड म्हणजे पायपीट. पुराणकथा पोथीत असतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. कोसंबी मात्र पुण्याच्या वेताळ टेकडीवर गारगोट्यांची इवलीशी अश्मयुगीन हत्यारं वेचत फिरायचे आणि गावोगावचे शेंदूर फासलेले दगड पाहून, हा देव कोणाचा, जत्रा कधी, नैवेद्य कशाचा, असल्या चौकशा करायचे. त्यातून म्हसोबाचं प्रकरण निघालं. एकीकडे देवी महिषासुराला पायाखाली तुडवते, आणि तिकडे पुरंदर तालुक्यातल्या वीरला त्याच्याच जातकुळीतल्या म्हस्कोबाचं जोगूबाईशी दरवर्षी वाजतगाजत लग्न लागतं. एका गावात वध, दुसऱ्या गावात वरात! आपण म्हटलं असतं, देवाची लीला. कोसंबींनी १९६२च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'मध्ये त्याचा उलगडा मांडला तो असा: म्हसोबा हा गुरं राखत आलेल्यांचा देव, देवी ही त्याआधी कंदमुळं गोळा करून जगणाऱ्यांची आई. माणसं भांडली तिथे रेडा मारला गेला, माणसं एकत्र नांदायला लागली तिथे सोयरीक झाली.

आता सांगा, असल्या संशोधनाला कोण शाल-श्रीफळ देणार? त्यापेक्षा 'म्हसोबा' या शब्दात 'मास' म्हणजे वस्तुमान दडलेलं आहे, असं ठोकून द्या. संध्याकाळपर्यंत तीन ग्रुपांवर फिरून तुमच्याकडेच परत येईल.

दुसरं उदाहरण अधिक धोक्याचं, कारण ते आपल्या बाजूचं वाटतं. शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३, दापोलीजवळच्या मुरूडचे. भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांचा मराठी इतिहास १८९६ साली आला. 'कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत' या शतपथ ब्राह्मण नावाच्या वैदिक ग्रंथातल्या वाक्यावर ते अडून बसले. कृत्तिका म्हणजे आकाशातला तो ताऱ्यांचा पुंजका. आज कृत्तिका पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. संपात, म्हणजे दिवस-रात्र सारखी असताना सूर्य ताऱ्यांमध्ये जिथे असतो तो बिंदू, हळूहळू सरकतो, त्याचा वेग माहीत आहे, तेव्हा त्या नेमक्या पूर्वेला कधी उगवत असतील हे काढता येतं. उत्तर आलं इसवीसनापूर्वी ३००० च्या सुमाराचं. लगेच टाळ्या वाजवू नका! दीक्षितांनी वाक्य दिलं, रीत दिली, आकडा दिला. म्हणजे कोणीही उठून पडताळावं आणि वाद घालावा. विद्वान तो घालतातही. चुकीचा ठरू शकेल असा आकडा देणं हा या धंद्यातला नवशिकेपणा आहे.

विमानांचं मात्र सोपं आहे. 'वैमानिकशास्त्र' भारद्वाज ऋषींचं, असं म्हणायचं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली हा ग्रंथ तपासला. तो १९०० ते १९२२ या काळात तयार झालेला आहे आणि त्यातली विमानं उडणं शक्य नाही, असा निर्वाळा दिला. कोणी हे काढलंच तर 'त्यांनी मंत्र म्हणून पाहिले होते का?' असं विचारायचं. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं, त्याचा त्या काळचा पुरावा कुठे आहे, असं विचारलं तर कागद इंग्रजांनी नेले. इंग्रजांनी खरोखर इतकं काही नेलंय की त्यात एक विमान सहज खपून जातं.

आर्यभटाला मात्र जपून हाताळा. फोटो लावा, पुस्तक उघडू नका. ४९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी तो लिहून गेलाय: 'छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया'. चंद्र सूर्याला झाकतो, पृथ्वीची मोठी सावली चंद्राला झाकते. राहूचं नावही नाही! पुढे ६२८ साली ब्रह्मगुप्त या गणिती-ज्योतिर्विदानं वेद आणि स्मृतींचा हवाला देऊन अशा राहू न मानणाऱ्यांना झोडपलं; आणि स्वतः ग्रहणं काढली ती सावलीच्याच गणितानं. थोडक्यात, ब्रह्मगुप्तासारखं वागावं, फक्त त्याचं गणित गाळावं.

म्हणून पुढच्या ग्रहणाला लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्र ठेवा. शेजारच्या गरोदर वहिनींना विळी बाजूला ठेवायला सांगा आणि कारण विचारलं तर 'अतिनील किरण' म्हणा. रस्त्यावरून 'दे दान, सुटे गिराण' ऐकू आलं की सुटे पैसे द्या. मग पंचांगात मोक्षाची वेळ बघून आंघोळीला जा. ती वेळ मिनिटासकट छापलेली असते आणि ती राहूला विचारून काढलेली नसते. पण हा विचार न्हाणीघरात करत बसू नका, पाणी गार होतं.