ओट्याची जागा अ‍ॅप घेणार नाही
एकट्या ज्येष्ठांना संवाद साधता यावा म्हणून विद्यार्थ्यांनी बनवलेल्या अ‍ॅपचे कौतुक करणारा आपला लेख वाचला. ज्येष्ठांच्या एकटेपणाचे मूळ संवादाच्या साधनांच्या अभावात आहे, हे त्यातले विधान मात्र मला पटले नाही. माझ्या आईला व्हिडिओ कॉल उत्तम जमतो; तरीही नागपुरातल्या महाल या जुन्या वस्तीतले घर सोडून मनीषनगरमधल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आल्यापासून ती अबोल झाली, कारण ओट्यावर तांदूळ निवडता निवडता येणाऱ्या-जाणाऱ्यांशी होणारे तिचे बोलणेच थांबले. गेल्या उन्हाळ्यात आम्ही लिफ्टशेजारी सावलीत एक साधा लाकडी बाक ठेवला आणि आठवडाभरातच संध्याकाळी तिथे तीन-चार जणी बसू लागल्या.

झिम्बाब्वेतील हरारे येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात प्रशिक्षित आजीबाई दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लोकांची दुःखे ऐकून घेतात. आपल्या विद्यार्थ्यांनी जिने, गच्च्या आणि फाटकाजवळच्या जागाही अभ्यासाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.