साडेचार परस

आमच्या पार्किंगमध्ये परवापासून एक पाटी आहे. ‘आवारात हत्यारे परजण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ सोसायटीत चाळीस बिऱ्हाडं आहेत, पण पाटी कोणासाठी आहे हे वॉचमनच्या धाकट्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. मी स्कूटर काढायला गेलो की ते पोर पाटी मोठ्याने वाचून दाखवतं. ‘परजण्यास’ला अडखळतं, मग पुन्हा पहिल्यापासून.

मी परजत नव्हतो. गंज काढत होतो.

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात नळाच्या जुन्या तोट्या आणि पाती नसलेला टेबलफॅन यांच्या ढिगाखाली मला कुऱ्हाडीचं पातं दिसलं. विकणारा म्हणाला तीनशे. मी म्हणालो दोनशे. त्याने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला साडेतीनशे. घेतलं.

गंज काढायला पांढरं व्हिनेगर लागतं, चायनीजच्या गाडीवर असतं तेच. चोवीस तास बुडवून ठेवायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं आणि कोरडं करून लगेच तेल चोपडायचं. हयगय केली तर तासाभरात नवा गंज चढतो, तोही जुन्यापेक्षा उत्साहाने. वासामुळे बायकोने माझी बादली आधी बाल्कनीतून आणि मग घरातूनच बाहेर काढली. त्यामुळे मी पार्किंगमध्ये आलो, आणि पार्किंगमध्ये अप्पा असतात.

अप्पा सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ‘आमच्या खात्यात’ असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. बादलीत डोकावून ते म्हणाले, “लोणचं का?”

“कुऱ्हाड आहे, अप्पा.”

“आमच्या खात्यात कुऱ्हाड रॉकेलमध्ये टाकायचे.”

तेवढ्यात ब्रशखाली अक्षरं दिसू लागली. पुढची दोन झिजून गेलेली, मागची चार शाबूत : डब्ल्यू, ई, एल, एल. त्याखाली १९४३. बाजूला साडेचारचा आकडा. आणि या सगळ्याच्या वर तीन रेघांचा, कोंबडीच्या पावलासारखा एक बाण. माझ्या छातीत धडधडायला लागलं. अप्पांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

“वेल,” ते म्हणाले. “म्हणजे विहीर.”

“नाही हो, ते एल्वेल आहे. पुढचं ई आणि एल गेलंय. इंग्लंडात वेन्सबरी म्हणून गाव आहे, तिथला कारखाना. १८१७ पासूनचा.”

“इंग्लंडातून कुऱ्हाड कोण आणेल? इथे लोहार मेले होते का?” हा प्रश्न बिनतोड होता. “विहीर. आणि हा बाण.”

“तो इंग्रज सरकारचा शिक्का. सरकारी माल चोरीला गेला तर ओळखू यावा म्हणून मारायचे.”

“पंचवटीत राहून बाण इंग्रजाचा म्हणता?” अप्पांना मनापासून वाईट वाटलं. पण रामाला त्यांनी लगेच सोडलं, कारण डोक्यात विहीर शिरली होती. “बाण म्हणजे दिशा. बाण, विहीर, १९४३. त्या साली खणलेली. आणि हे साडेचार काय?”

“वजन. साडेचार पौंड.”

“विहिरीचं वजन करतात?” अप्पा माझ्याकडे दयेने बघत म्हणाले. “परस! म्हणजे पुरुषभर खोली. साडेचार परस खोल. अहो, हा नकाशा आहे.”

मी म्हटलं, नकाशा कोणी कुऱ्हाडीवर काढतं का. ते म्हणाले, कागदावर काढला असता तर टिकला असता का. मग त्यांनी ते व्हिनेगर गळणारं पातं माझ्या हातातून घेतलं, पार्किंगच्या मधोमध उभे राहिले आणि बाण कुठे जातो ते बघू लागले. बाण जिन्याकडे गेला. त्यांनी पातं उलटं धरलं. बाण आमच्या आटलेल्या बोअरकडे गेला. अप्पा गप्प झाले. गेल्या उन्हाळ्यात टँकरचा हिशेब त्यांनीच ठेवला होता.

“दांडा कुठल्या बाजूने होता?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

त्या दिवसापासून अप्पांसाठी ती कुऱ्हाड नाही, ‘ती विहीरवाली’ आहे.

आता खरी गंमत सांगतो, जी ऐकायला कोणीच तयार नाही. इंग्रजीतला बुधवार ज्या वोडन देवावरून आला, त्याच्याच नावाचं गाव वेन्सबरी. आणि तिथली कुऱ्हाड मला मिळाली कुठे? बुधवारच्या बाजारात! हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “साडेतीनशेला?”

भाजीवाल्याच्या काट्यावर पातं एक किलो नऊशे भरलं. साडेचार पौंड म्हणजे दोन किलो चाळीस ग्रॅम. उरलेलं एकशेचाळीस ग्रॅम लोखंड ऐंशी वर्षांत गंजात आणि निसण्यावर गेलं. कोणाच्या हातून गेलं असेल? सरकारी बाण, युद्धाचं साल आणि नाशिक म्हटलं की माझं मन थेट देवळाली कॅम्पात जातं. पुरावा काही नाही, पण अप्पांच्या विहिरीपेक्षा बरा. त्या कॅम्पात गोरे सोजीर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने रिकामे बसायचे आणि डोकं फिरवून घ्यायचे. त्यावरून इंग्रजीत वेडसराला ‘डूलॅली’ म्हणू लागले. मूळ शब्द ‘डूलॅली टॅप’, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. आम्ही द्राक्षं आता आता पाठवायला लागलो, वेड त्याच्या कितीतरी आधी निर्यात केलंय.

मला तो ताप कानशीने चढला. पात्याची पाठ कोणीतरी वर्षानुवर्षं घणासारखी वापरली होती. कडा फाटून बाहेर पसरल्या होत्या. त्या सपाट करायला चार संध्याकाळी गेल्या. अप्पा रोज येऊन सांगत, “ग्राइंडरवर द्या, दोन मिनिटांचं काम.” मी रोज सांगे की ग्राइंडरवर धार तापून निळी पडली की पोलादाचं पाणी उतरतं, मग ती कुऱ्हाड आणि उलथनं सारखंच. हेही सांगितलं की कुऱ्हाड म्हणजे हातोडा नव्हे. पाठीने ठोकाठोक केली की दांडा बसतो ते भोक, म्हणजे नेढं, फाकतं आणि दांडा खिळखिळा होतो. अप्पा मान डोलवायचे. आमच्या खात्यात मान अशीच डोलवत असावेत.

दांड्यासाठी गावभर फिरलो. दुकानातले तयार दांडे गोल नेढ्याचे, माझ्या पात्याचं नेढं लांबट. वखारवाला म्हणाला, “सागवान देतो.” सागाचा दांडा दणक्याला मोडतो, म्हटलं बाभूळ नाहीतर धावडा द्या. त्याने मला प्लायवूड दाखवलं. शेवटी वखारीत मिळालं नाही ते मखमलाबादला मामांच्या मोडक्या वखरात मिळालं. चांगली मुरलेली बाभूळ. मामांनी स्वतः तासून, पाचर ठोकून दिली आणि “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ” असंही म्हणाले, पण ते मामा चपला देतानाही काहीतरी म्हणतात.

परत येताना रिक्षावाल्याने गोणपाटातून निघालेला दांडा पाहिला. “काका, नाशिक जिल्हा?”

“कायद्याचा बालेकिल्ला,” मी म्हणालो. पोलिसांनी गुंडांकडून वदवून घेतलेली ती घोषणा मलाही पाठ होती.

तेव्हा कुठे त्याने बसू दिलं. वाटेत आरशातून विचारलं, “कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडायचं काम तुम्हालाच मिळालं का?”

मला राग याचा नाही. आमच्या पार्किंगमध्ये दहा वर्षांपासून एक मेलेली मारुती उभी आहे, तिच्यावर पाटी नाही. गणपतीत स्पीकरने खिडक्यांची तावदानं थरथरतात, त्यावर पाटी नाही. कोणाच्या तरी सोफ्याचं काम तिथे आठवडाभर ठोकून चाललं, त्या सुताराला तर वरून चहा जायचा. एक माणूस कोपऱ्यात बसून हाताने कानस मारतो, तर चाळीस घरांची शांतता भंगते. आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेल्या माझ्या पाठमोऱ्या फोटोखाली अंगठे किती आले, ते मी मोजलेत. सव्वीस. त्यातला एक आमच्या घरचा.

परवा ऑफिसमधून आलो तर कुऱ्हाड दारामागे नव्हती.

“अप्पांनी नेलीये,” बायको आतून म्हणाली. “म्हणाले, वहिनी, ती विहीरवाली द्या जरा, पाच मिनिटांत आणून देतो.”

“कशाला?”

“पाटी लावायची होती म्हणे. हातोडा सापडत नव्हता.”

खाली गेलो. पाटी लागलेली होती. चार खिळे, त्यांतला एक वाकडा. अप्पा कुऱ्हाड उलटी धरून त्याच्यावर अजून ठोकत होते.