खुलासा : इरिडियम प्लगने मायलेज वाढतं का?

‘कोणत्याही गाडीत इरिडियम स्पार्क प्लग टाका, मायलेज आणि पिकअप वाढतो’ असा मेसेज फिरतो आहे. तो दिशाभूल करणारा आहे. (स्पार्क प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवणारा भाग, इरिडियम हा त्याच्या टोकाचा धातू.)

इरिडियमचा खरा फायदा टिकाऊपणाचा. ते सुमारे २४४६ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ आणि निकेल १४५५ अंश सेल्सिअसला. म्हणून टोक ०.४ ते ०.६ मिमी इतकं बारीक ठेवता येतं, ठिणगीला कमी व्होल्टेज लागतं आणि गॅप (ठिणगी जिथे पडते ती फट) हळू वाढते. बदलल्यावर जाणवणारा फरक बहुतेकदा जुना झिजलेला प्लग निघाल्याचा असतो. नव्या निकेल प्लगनेही तो जाणवला असता. (‘कॉपर प्लग’मध्ये तांबं फक्त गाभ्यात असतं, झिजतं ते निकेल.)

धातूपेक्षा हीट रेंज, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते, महत्त्वाची. प्लग गरजेपेक्षा गरम असेल तर इंधन-हवेचं मिश्रण ठिणगीआधीच पेटून पिस्टन वितळू शकतो. थंड असेल तर काजळी धरून मिसफायर होतो, म्हणजे मिश्रण नीट पेटत नाही. हीट रेंजच्या नुसत्या आकड्यांवर विसंबू नका : एनजीके, डेन्सो या कंपन्यांमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये उलट. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचाच प्लग घ्या. बारीक टोकावर नाण्यासारखा गॅप गेज (फट मोजायचं साधन) दाबू नका, टोक तुटतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आलाच तर हा खुलासा द्या.