पानफुटी आजच बंद करा

दादा, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि सकाळी पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं असं की गिनीपिगच्या मुतखड्यावरच्या माझ्या लेखाने नवखी माणसं धास्तावतात, एक्स-रे आणि ऑपरेशन सोडून मी काही सुचवतच नाही, आणि ‘कॅल्शियम पूर्ण तोडा’ हा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. शिवाय माणसाचा खडा पानफुटीची पानं खाऊन पडतो तर या जिवाचा का नाही पडणार? तुम्ही तीन दिवस तुमच्या बोक्याला, म्हणजे नर गिनीपिगला, तेच देताय, कारण त्याला लाल लघवी होते आहे.

कॅल्शियमबद्दल तुम्ही बरोबर आहात. ते वाक्य मी आज बदललं. यांचे दात जन्मभर वाढतात, हाडं आहेत, कॅल्शियम शून्यावर आणून चालत नाही. मला म्हणायचं होतं ते एवढंच: पूर्ण वाढलेल्या जनावराला लसूणघास रोज नको. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि गाभण माद्यांना तो चालतो. मेथी, शेपू, राजगिरा, पालक हे कधीतरी, चिमूटभर. पोटाचा मुख्य भार सुक्या गवतावर.

पण पानफुटी नको. हात जोडून सांगते. त्या पानांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात कुरणात ती खाऊन गुरं दगावली आहेत. एक किलोच्या जिवाला कितीसं लागणार?

आणि समजा विष नसतं, तरी खडा विरघळला नसता. माणसाचे खडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झॅलेटचे, गिनीपिगचे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे. आपलं आतडं गरजेपुरतं कॅल्शियम शोषतं. यांचं आतडं गरज असो नसो, भरपूर शोषून घेतं आणि जास्तीचं मूत्रपिंडांतून लघवीत सोडतं. त्यात यांची लघवी अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, पीएच आठ ते नऊच्या आसपास. तिथे कॅल्शियम कार्बोनेट विरघळत नाही, साचून बसतं. लिंबू पाजून ती लघवी आम्लधर्मी करता येईल असं वाटतं, पण गवत खाणाऱ्या शरीराची ती घडणच वेगळी आहे, काही थेंबांनी ती पालटत नाही.

आमच्या चिकूचं, माझ्या नर गिनीपिगचं, सांगते. तो चार वर्षांचा होता. लघवीला बसला की पाठीची कमान करायचा आणि बारीक, लांबलेला ‘कुईऽऽ’ काढायचा. पिंजऱ्यात अंथरलेल्या फ्लीसच्या कापडावर वाळलेला पांढरा डाग मी रोजच बघत होते. तो तसा सगळ्यांच्याच लघवीचा पडतो, बोटाला चुन्याच्या हातासारखा मऊ लागतो. त्या दिवशी बोट फिरवलं तर रांगोळी चिमटीत धरल्यासारखं कचकच लागलं. एक्स-रेमध्ये साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. यांचे खडे एक्स-रेत स्वच्छ दिसतात, म्हणून मी एक्स-रेचा एवढा आग्रह धरते. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद, तिचा बारीक खडा कधी कधी आपोआप पडतो. नराचा लांब आणि अरुंद. तिथे अडकला आणि लघवी थांबली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते, त्याच तासाला निघायचं.

आणखी एक गोष्ट, जी लेखात मी पुरेशी ठळक लिहिली नव्हती. आधीच्या दवाखान्यात चिकूला अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध तोंडाने द्यायला सांगितलं होतं. कुत्र्यामांजरांना ते चालतं, गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू त्याने मरतात आणि जनावर जाऊ शकतं. दुसऱ्या डॉक्टरांनी बाटली बघताच ती बंद केली, म्हणून तो वाचला. औषध घेताना ‘हे गिनीपिगला चालतं ना?’ हे तोंडाने विचारा, लाजू नका.

ऑपरेशन हा शेवट नसतो, हेही खरं आहे. खडा परत होतो. चिकूलाही ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी लघवीत रेती दिसली. तेव्हापासून भाजी निथळवत नाही, ओलीच देते, काकडी रोज, दोन बाटल्या पाणी, आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन.

पाचशे रुपयांच्या जनावरावर एवढा खर्च कशाला, असंही तुम्ही लिहिलंय. तीन दिवस त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाने हे मनापासून लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा आज एवढं करा. पानफुटी बंद. लाल लघवी दर वेळी रक्तच असते असं नाही, बीट खाऊन किंवा पानांतल्या रंगद्रव्यानेही ती तांबूस होते, आणि दवाखान्यात लघवीत तपासणीची पट्टी बुडवली की लगेच कळतं. डॉक्टरांकडे नेताना उपाशी नेऊ नका. यांना उलटी होत नाही, आणि उपाशी राहिले तर आतडं थंडावतं. पिशवीत गवत असू द्या. थेंब थेंब लघवी होते आहे की धार लागते, आणि वजन किती भरलं, तेवढं आज रात्री इथेच लिहा. मी जागी आहे.