किश्श्यातला मेलेला माणूस दरवेळी येडाच कसा असतो?

काल कट्ट्यावर जाम वाद झाला आणि अजून डोक्यातून जात नाहीय, म्हणून लिहून काढतोय. सुरुवात अण्णांनी केली. अण्णा पूर्वी रेल्वे यार्डात शंटिंगला होते, म्हणजे डबे हलवून जोडायचं-सोडायचं काम. आमच्यातला बारक्या नुकताच वर्कशॉपला अप्रेंटिस लागलाय, त्याला बघून अण्णांना तो किस्सा आठवला. दोन डब्यांच्या कपलिंगमधे एक जण कमरेत चेपला, पण शुद्धीवर, नीट बोलतोय, डॉक्टर म्हणाला डबे मागे घेतले की हा संपला, मग बायकोला बोलावलं, दोघं शेवटचं बोलले आणि मग इंजिनाला सिग्नल दिला. बारक्या ऐकून पांढराफटक.

वायरमन उसळला. म्हणे, "अण्णा, हा किस्सा मी कुठल्या कुठल्या यार्डाच्या नावावर ऐकलाय, कधी बायको येते, कधी आई येते, कधी नुसता फोन लावतात. तुम्ही स्वतः बघितलंत का?"

"मी नाही, आमच्या सीनियरनी बघितलं."

"आणि त्यांना विचारलं तर ते त्यांच्या सीनियरचं नाव सांगणार!"

अण्णा तापले. मी मधे पडलो, कारण मला दोघांचंही अर्धंच पटत होतं. प्रसंग असाच घडला का ते सोडा, पण दाबाखाली अडकलेला माणूस बोलत असतो आणि मोकळा केला की जातो, यात तथ्य आहे. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्यातून काढलेली माणसं सुरुवातीला ठीक वाटायची आणि पुढच्या काही दिवसांत किडन्या बंद पडून जायची, 1941 साली डॉक्टरांनी ते नीट लिहून ठेवलं. तासन् तास चेपलेले स्नायू मरायला लागतात, आतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन (स्नायूंमधलं प्रोटीन) अडकून राहतं, आणि दाब काढला की ते सगळं एकदम रक्तात, मग हृदय नाहीतर किडनी. म्हणून आता रेस्क्यूवाले शक्य असेल तिथे वरचं वजन उचलायच्या आधीच सलाईन चालू करतात.

अण्णा म्हणाले, "बघा, मी काय सांगत होतो!"

म्हटलं अण्णा, थांबा. तुमच्या किश्श्यात हे काहीच नाहीय ना. बायको आहे, रडारड आहे, पण माणूस मधे असताना डबा हलला कसा ते कुठाय?

अण्णा म्हणाले, "त्याचीच चूक, घाई केली."

माझं डोकं फिरतं ते इथे. असा कुठलाही किस्सा घ्या, मेलेला माणूस घाई करणारा, नाहीतर प्यायलेला, नाहीतर शहाणपणा करणारा. तो बिचारा उठून सांगायला येत नाही की बाबांनो मला सिग्नल कोणी दिला ते विचारा. हे बोललो तर अण्णा जरा गप्प झाले, मग स्वतःच म्हणाले की वळणावर ड्रायव्हरला शंटरचा दिवा दिसायचा नाही, मधे एक माणूस उभा करून सिग्नल पुढे द्यावा लागायचा, आणि रात्रपाळीला तो मधला माणूस बऱ्याचदा नसायचाच. अहो, हाच तर खरा किस्सा! तो इतकी वर्षं पोटात ठेवून हे बायकोचं सांगत बसलेत.

आमचा पाणबुड्या (खरंच कमर्शियल डायव्हिंग करतो, म्हणून हे नाव) तोवर ऐकत होता. तो म्हणाला आमच्यात पण आहेत, जंगलाची आग विझवायला हेलिकॉप्टरने पाणी उचललं त्यात डायव्हर पण आला आणि नंतर जळक्या झाडावर मिळाला, हे सगळीकडे सांगतात आणि हे साफ खोटं आहे, पाणी ओढायच्या पाईपच्या तोंडातून माणूस जातच नाही. पण मग त्याने बायफर्ड डॉल्फिनचं सांगितलं. 5 नोव्हेंबर 1983, उत्तर समुद्रातलं ऑइल रिग. डायव्हर लोक 9 ॲटमॉस्फिअर प्रेशरच्या, म्हणजे बाहेरच्या हवेच्या नऊपट दाबाच्या चेंबरमधे होते आणि आतला दरवाजा पूर्ण लागायच्या आधी बाहेरचा क्लॅम्प उघडला गेला. 9 चं प्रेशर क्षणात 1 वर. चार डायव्हर आणि बाहेरचा एक टेंडर (बाहेरून डायव्हरना मदत करणारा), पाच जण गेले, दुसरा टेंडर कसाबसा वाचला. शरीरांचं काय झालं ते तो सांगायला लागला होता, मीच थांबवलं. महत्त्वाचं हे की आधी सगळं खापर फोडलं ते क्लॅम्प उघडणाऱ्यावर, म्हणजे मेलेल्या टेंडरवरच. पण आत प्रेशर असताना तो क्लॅम्प उघडूच नये असं इंटरलॉक, म्हणजे आपोआप अडवणारं कुलूप, त्या सिस्टिमला नव्हतंच! घरच्यांना हे मान्य करून घ्यायला वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

वायरमनला तरी पटेना. त्याचं म्हणणं, रक्त काढून टाकलं तर उरतं ते भिंतीवरचं सेफ्टी पोस्टर, ते कोण वाचतं? अंगठी अडकून बोटाची कातडी मोज्यासारखी निघाली हे ऐकलं त्या दिवशी बारक्याने अंगठी काढली ती काढलीच. हे खरंय, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाहीय, भीती लक्षात राहतेच.

पण मग जिथे रक्तच नाही तिथे काय करायचं? टाकीत नाहीतर मॅनहोलमधे उतरलेला माणूस गॅसने गपकन पडतो, ना आवाज ना जखम. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण हवेत 100 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गॅस झाला की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं आणि माणूस पुढे जातो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश (NIOSH) या सरकारी संस्थेने 1986 साली सांगितलं होतं की अशा बंदिस्त जागेतल्या मृत्यूंमधे 60 टक्क्यांहून जास्त हे वाचवायला उतरलेले लोक असतात! यावर एक रंगवलेला किस्सा कधी ऐकलाय का? मी नाही ऐकला. तसंच हायड्रॉलिक होजच्या बारीक लीकचं, हात फिरवून बघायला गेला तर टाचणी टोचल्यासारखं भोक पडतं, दुखत पण नाही फारसं, गडी काम करत राहतो, आणि आत तेल पसरून पुढे बोट कापायची वेळ येते. लीक पुठ्ठा धरून बघायचा, हात लावायचा नाही. बारक्याला हे कोणीच सांगितलं नव्हतं, आणि त्याचं रोजचं काम होजवरच आहे! म्हणजे कुठल्या धोक्याला घाबरायचं हे पण आपण किती रक्त सांडलं त्यावर ठरवतोय.

मी म्हटलं हे सगळं लिहून ठेवलं पाहिजे, मरता मरता वाचलेल्यांचं सुद्धा. वायरमन म्हणाला, "लिही तू, उद्या मेमो येईल." हे पण बरोबर. विमानवाल्यांनी त्यावर तोड काढली, अमेरिकेत 1976 पासून पायलट आपली चूक नासाकडे कळवतात, नाव काढून टाकतात, आणि मुद्दाम केलेलं नसेल आणि 10 दिवसांत कळवलं असेल तर सहसा दंड करत नाहीत. जो लायसन देतो त्याच्याकडे नाही, तिसऱ्याकडेच कळवायचं. वायरमनचं म्हणणं आपल्यासारख्या लाइनवर चढणाऱ्यांना असा तिसरा कोण भेटणार, युनियनवाले पण साहेबाच्याच केबिनमधे बसलेले असतात. मी म्हणतोय नाव न घालता एक वही तरी ठेवा, काय झालं आणि का झालं एवढंच. पाणबुड्या तयार आहे, अण्णा बोलतील आणि बारक्या लिहून घेईल असं ठरलंय, वायरमन म्हणतो आधी वही कोणाच्या घरी राहणार ते सांगा.